तिसरा टेक

सिनेमाच्या धंद्यात तिला सगळे कात्री म्हणत. पाठीमागे म्हणत तसेच तोंडावरही म्हणत, आणि तिला ते आवडायचं. चाळीस वर्षं तिनं लोकांचे सिनेमे कापले, जोडले आणि त्यातले निम्मे तरी बुडता बुडता वाचवले. दिग्दर्शक शूटिंगचा सगळा पसारा तिच्या टेबलावर आणून ओतायचे आणि घरी जाऊन झोपायचे. ती त्या पसाऱ्यातून सिनेमा वेचून काढायची. कुठला नट बोलण्याआधी आवंढा गिळतो, कुठल्या नटीचा रडताना आधी डावा डोळा भरतो, हे तिला त्यांच्या घरच्यांपेक्षा जास्त ठाऊक. आपली नजर चुकत नाही, असं ती कधी म्हणाली नव्हती. म्हणायची गरजच पडली नव्हती.

तर ही कात्री, वय वर्षं चौसष्ट, त्या सकाळी एका थंडगार अंधाऱ्या खोलीत बसून बावीस वर्षांपूर्वी स्वतःच जोडलेला सिनेमा बघत होती. त्या सिनेमाचं खरं नाव लोक केव्हाच विसरले. सगळे त्याला लाँड्रीचा सिनेमा म्हणतात. रविवारी तो पुन्हा मोठ्या पडद्यावर लागायचा होता, ओरखडे पुसून, रंग उजळून. ते उजळण्याचं काम करणारी मुलगी शेजारच्या खुर्चीत होती. जेमतेम तिशीची, जाड भिंगांची. कात्रीनं पहिल्याच दिवशी तिचं नाव चष्मेवाली ठेवलं होतं आणि तिनंही ते बिनतक्रार घेतलं होतं.

सिनेमाची गोष्ट म्हणाल तर एवढीशी. एका लाँड्रीतले आठ कामगार आणि आग विझवणारे आठ बंबवाले यांच्यात दर वर्षी रस्सीखेच होते. लाँड्री हरली, तर तिनं बंबवाल्यांचे काजळीनं माखलेले गणवेश वर्षभर धुवायचे. बंबवाले हरले तर त्यांनी काय करायचं, हे कुणी ठरवलेलंच नाही, कारण एकोणीस वर्षांत ती वेळच आलेली नाही. मग एक आळशी हिरो तिथे कामाला लागतो, ओल्या चादरी पिळता पिळता सगळ्यांचे दंड तयार करून घेतो, आणि विसाव्या वर्षी लाँड्री जिंकते. लोक खुर्च्यांवर उभे राहून ओरडले होते.

"पहिला अर्धा तास कापायला हवा होता," कात्री म्हणाली.

"तुम्हीच कापलाय ना बाई हा सिनेमा?"

"दिग्दर्शक रडला. मोठा बाप्या माणूस टेबलापाशी बसून ढसाढसा रडायला लागल्यावर काय करणार? ठेवला. आणि त्या हिरोचे केस बघ. डोक्यावर झाडू उपडा ठेवल्यासारखे. तेव्हा सगळी पोरं तशीच फिरायची."

गाणं आलं. ते गाणं जेवण झाल्यावरही न उठणाऱ्या पाहुण्यासारखं होतं. कात्रीनं कपाळाला हात लावला. दोन विनोद पार शिळे झाले होते. पण हसू येत होतं. मालकाच्या चष्म्यावर वाफ चढते आणि तो गिऱ्हाइकाला सोडून हँगरवरच्या कोटाशीच हुज्जत घालतो, तिथे चष्मेवाली खोखो हसली आणि कात्रीची कॉलर ताठ झाली. त्या हशासाठी तिनं तो शॉट बरोबर एक श्वास लांब ठेवला होता.

मग शेवटची रस्सीखेच आली. चष्मेवालीनं चित्र थांबवलं. "हा तुमचा तो उलटा शॉट ना? कार्यक्रमपत्रिकेत छापलंय, रविवारी तुम्ही त्याची गोष्ट सांगणार आहात."

सांगणार होतीच. ती गोष्ट सांगूनच तर तिचं नाव झालं होतं. सिनेमातले बंबवाले नट नव्हते, खऱ्याखुऱ्या बंबखान्यातली माणसं होती. दिग्दर्शकानं त्यांना हात जोडून सांगितलं होतं की बाबांनो, हरायचंय. ते हो म्हणायचे, मान डोलवायचे, आणि शिट्टी वाजली की अंगात आल्यासारखे ओढायचे आणि जिंकायचे. पहिल्यांदा जिंकले, दुसऱ्यांदा जिंकले. दिग्दर्शक संतापून गाडीत जाऊन बसला. शेवटी कात्रीकडे फिल्म आली तेव्हा तो रडवेला होऊन म्हणाला, सगळे टेक बंबवालेच जिंकलेत, आता मी जीव देतो. कात्री म्हणाली, जीव नंतर द्या, आधी चहा घ्या. आणि तिनं दुसरा टेक उलटा लावला. रस्सीखेचीत हरणारा पुढे फरफटत जातो. फिल्म उलटी चालवली की तोच ऐटीत मागे ओढत जाताना दिसतो. झालं काम! सिनेमा गाजल्यावर टीव्हीवरच्या मुलाखतीत तिनं हे रंगवून सांगितलं, आणि रातोरात तिची करामत हिरोपेक्षा मोठी झाली.

फक्त एक माणूस हसला नाही. तिचा सख्खा थोरला भाऊ.

लाँड्री दादाची होती. शूटिंग तिथेच झालं, आणि हिरो सोडला तर दोरावरचे सातही जण लाँड्रीतलेच. त्यात दोराचं टोक अंगावर घेऊन सगळ्यांच्या मागे खुंटासारखा उभा असलेला शेवटचा गडी म्हणजे स्वतः दादा. मुलाखत बघून तो तिला म्हणाला होता, "चिमणे, तिसऱ्या वेळेला आम्ही ओढलं होतं त्यांना. खरंच ओढलं होतं." ती म्हणाली होती, "दादा, फिल्म मी बघितलीय. तू दोराच्या टोकाला होतास, तुला काय दिसणार?" लोकांसमोर म्हणाली होती, हसत. तेव्हापासून गल्लीत दादाला उलटा पैलवान म्हणू लागले. बंबवाल्यांनी तर त्या मुलाखतीबद्दल पेपरात आलेलं कात्रण चौकटीत घालून बंबखान्यात टांगलं. दादानं तिच्याशी बोलणं सोडलं नाही, जाणंयेणं सोडलं नाही, पण त्या सिनेमाचा विषय त्यानं बावीस वर्षांत काढला नाही. रविवारचं आमंत्रण त्यानं न उघडताच गल्ल्याखाली सरकवलं होतं.

"बाई," चष्मेवाली म्हणाली, "हा शॉट सरळच आहे."

"उलटा आहे."

"धूळ बघा ना. टाचेतून उठतेय, वर जातेय, पसरतेय. उलटा असता तर धूळ वरून गोळा होऊन टाचेत शिरली असती."

"तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी—" कात्री म्हणाली, आणि थांबली. कारण धूळ खरोखर टाचेतून उठत होती. एका बंबवाल्याच्या डोक्यावरून टोपी सुटली आणि खाली पडली. वर उडून डोक्यावर बसली नाही, खाली पडली. बावीस वर्षं ती टोपी चारशे थिएटरांत खाली पडत होती आणि कात्रीला ती दिसली नव्हती.

"फिल्मच्या कडेचे नंबर दाखव," ती म्हणाली.

निगेटिव्हच्या कडेला बारीक नंबर छापलेले असतात. कात्रीनं पिशवीतून त्या सिनेमाची जुनी वही काढली, कारण ती कुठलीच वही टाकत नसे. दुसऱ्या टेकचे नंबर हे नव्हतेच. हे तिसऱ्या टेकचे होते. आणि तिसऱ्या टेकच्या रकान्यात तिच्याच हातानं मारलेली काट होती.

मग तिला सगळं उलगडलं. दिग्दर्शक गाडीत रुसून बसला असताना सहायकानं तिसरा टेक उरकला होता. कॅमेऱ्यावरच्या माणसानं चिठ्ठीवर लिहिलं, सुरुवातीला फोकस नाही, आणि काट मारली. सिनेमाच्या धंद्यात चिठ्ठीवर काट बसली की ती गोष्ट घडलेलीच नसते. कात्रीनं पहिले चार फूट धूसर बघितले आणि तो टेक बाजूला ठेवला. पुढे काय झालं ते बघितलंच नाही. पण निगेटिव्ह कापणारे काका, देव त्यांचं भलं करो, चिठ्ठ्यांवर विश्वास ठेवणाऱ्यांतले नव्हते. लॅबमध्ये उलटी छपाई केली की चित्र मातकट व्हायचं. काकांनी तिसरा टेक उजेडात धरून शेवटपर्यंत पाहिला असणार, धूसर भाग सोडून पुढचा स्वच्छ तुकडा मापात बसवला असणार, आणि मितभाषी माणूस, कुणाला काही बोलला नाही. पहिल्या खेळाला कात्री आपली करामत बघायला गेली, आणि तिला करामतच दिसली.

"आता?" चष्मेवालीनं विचारलं. "म्हणजे... मी कुणाला काही सांगणार नाही. शॉट तसाही चांगलाच दिसतोय."

गप्प राहणं सोपं होतं. काका गेले, दिग्दर्शक गेला. रविवारी तीच गोष्ट सांगायची, टाळ्या घ्यायच्या, घरी यायचं. कात्रीला स्वतःची लाज वाटली, ती असं मनात आल्याची नव्हे, बावीस वर्षांची. दादाचा तो चेहरा आठवला, "खरंच ओढलं होतं" म्हणतानाचा. पण रडत बसणं तिला जमत नसे. कापायचं तर कापायचं.

"तो तुकडा मला लॅपटॉपवर घालून दे," ती म्हणाली. "आणि पत्रिकेवाल्यांना सांग, गोष्ट बदलली."

लाँड्रीत दुपारचं काम चाललं होतं. मागच्या बाजूला मशीन घरघरत होतं, भिंतीपर्यंत हॉटेलांच्या चादरींची गाठोडी रचलेली. दादा लांब टेबलावर इस्त्री करत होता. सत्तरी उलटली तरी इस्त्रीवर तोच. दुसऱ्यानं केलेली कॉलर त्याला पटत नसे. वहिनी काउंटरवर कपड्यांना खूणचिठ्ठ्या टाचत होती.

"या वन्सं," वहिनी म्हणाली. "वाट चुकलात की काम काढलंत?"

"माफी मागायला आलेय," कात्री म्हणाली.

वहिनीनं टाचणी खाली ठेवली. "मग मी मशीन बंद करते. हे नीट ऐकायला हवं."

कात्रीनं आडवळण घेतलं नाही. नंबर, वही, काट, काका, टोपी, सगळं उभ्या उभ्या सांगितलं. "दादा, तू खरं बोलत होतास. मी चुकले. आणि चुकले ते चुकले, वर तुलाच लोकांत हसले."

दादानं हातातली कॉलर पुरी केली. इस्त्री उभी ठेवली. कात्रीला वाटलं, आता तो ओरडेल, निदान हसेल तरी. तो नुसता टेबलावर हात टेकून उभा राहिला.

"बरं केलंस सांगितलंस," तो म्हणाला. "पण चिमणे, खरं सांगू? आम्ही जिंकलो हे मला तेव्हाही ठाऊक होतं. ते नाही मला सलत."

"मग काय?"

"त्यांना हरायलाच सांगितलं होतं ना. दोनदा नाही ऐकलं त्यांनी. तिसऱ्यांदा ऐकलं असलं तर?" त्यानं मान खाली घातली. "आम्ही सात जण त्या दिवशी पोरांसारखे नाचलो. पैलवान नाही, नट नाही, लाँड्रीतली साधी माणसं, पण बंबवाल्यांना ओढलं म्हणून नाचलो. त्यातले तीन आता नाहीत. त्यांनी दया म्हणून दोर सोडला असला, तर आम्ही कशावर नाचलो?"

बावीस वर्षं तो हे एकटा घेऊन बसला होता. वहिनीलाही माहीत नव्हतं. ती तोंडावर हात ठेवून उभी होती. कात्रीनं लॅपटॉप इस्त्रीच्या टेबलावर मांडला.

"हे बघ. तीनशे अकरा चित्रं आहेत. एकेक करून दाखवते. कुणी दोर सोडला की दोराला झोळ पडतो. क्षणभर का होईना, पडतोच. इथे बघ, काठीसारखा ताठ आहे. पुढे बघ. ताठ. आणि त्यांच्या कप्तानाची टाच बघ, जमिनीत कशी रुतवतोय. हरायला निघालेला माणूस टाच रुतवेल?"

दादानं तीनशे अकराही चित्रं बघितली. नाकावर चष्मा घेऊन, टेबलावर वाकून. शेवटच्या चित्रात दोराच्या टोकाला त्याचंच तोंड होतं, दात आवळलेलं, पन्नाशीच्या आतलं.

"तुझी नजर म्हणते, त्यांनी सोडला नाही."

"हो."

"तीच नजर बावीस वर्षं म्हणत होती, मी हरलो."

कात्रीनं लॅपटॉप मिटला.

"टाच रुतवून हळूहळू सोडता येतो गं दोर," दादा म्हणाला. "मी शेवटचा गडी होतो, मला माहीत आहे. ज्यानं समोरून धरला होता तोच सांगू शकेल. आणि तो काय सांगणार? बावीस वर्षं सांगतोय, आम्ही कधी हरलोच नाही."

"मी विचारते त्याला. रविवारी, सगळ्यांसमोर."

"वेडी आहेस. तो सरळ म्हणेल, सोडला होता. म्हणजे त्याचा मानही राहिला आणि तुझ्या प्रश्नाला उत्तरही मिळालं. 'तुम्हीच सांगितलंत हरायला, हरलो.' सुटला तो."

"म्हणू दे. तू ये फक्त."

दादा इस्त्री पुन्हा उचलत म्हणाला, "बघतो."

"ते येतील," वहिनी म्हणाली. "मी आणीन."

रविवारी संध्याकाळी हॉल भरला. हिरो आला होता, डोक्यावर आता झाडूही नव्हता आणि काही नव्हतं. दादा सगळ्यात शेवटच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसला, मधेच उठून जाता यावं म्हणून. दुसऱ्या रांगेत बंबवाले, निवृत्त झालेले पण अजून एकसारखे ताठ, आणि मधोमध त्यांचा कप्तान. पंचाहत्तरीचा, हातात काठी, चेहऱ्यावर मुलाखतीच्या चौकटीतलं समाधान.

कात्री मंचावर चढली. चारशे माणसं उलट्या शॉटची गोष्ट ऐकायला सरसावून बसली. तिनं ती दोन मिनिटांत मोडून टाकली. शॉट उलटा नाही, करामत काकांची, चूक माझी, आणि ज्या माणसाला मी खोटं पाडलं तो माझा भाऊ आहे, शेवटच्या रांगेत बसलाय. टाळ्या नव्हत्या. बंबवाल्यांच्या रांगेत कुजबुज सुरू झाली.

"आता एकच प्रश्न राहिला," ती म्हणाली. "कप्तान, तुम्हाला हरायला सांगितलं होतं. दोनदा तुमच्यानं ते झालं नाही. तिसऱ्या वेळी तुम्ही दोर सोडलात का?"

तिनं त्याला सुटायची वाट उघडून दिली होती, आणि हे तिलाही कळत होतं. नुसतं हो म्हणायचं. सगळा हॉल हसला असता, कप्तानाची अब्रू शाबूत राहिली असती, आणि दादा कडेच्या खुर्चीवरून उठून गेला असता.

कप्तान काठीवर जोर देऊन उभा राहिला. त्याला वेळ लागला. "काय म्हणालात बाई?"

"दोर सोडलात का?"

"बंबवाल्यानं दोर सोडला, असं तुम्ही चारशे माणसांत विचारता?" त्याचा चेहरा लाल झाला होता. "माहीत आहे तुम्हाला, आमच्या दोराच्या दुसऱ्या टोकाला काय असतं? माणूस असतो. खिडकीतून बाहेर लोंबकळणारा. कधी कडेवर लेकरू घेतलेली बाई असते. छत्तीस वर्षं नोकरी केली मी. खांदा निखळला तेव्हा सोडला नाही. हात भाजले तेव्हा सोडला नाही. या माझ्या पोरांतल्या एकानंही सोडला नाही. सिनेमासाठी सोडू?"

"मग?" कात्रीनं विचारलं.

कप्तानानं आपल्या माणसांकडे पाहिलं. मग मागे वळून शेवटच्या रांगेकडे पाहिलं. "मग काय मग?" तो म्हणाला. "हरलो. ओढून नेलं त्यांनी आम्हाला."

आणि तो खाली बसला.

शेवटच्या रांगेत दादा उठला. पण तो दाराकडे गेला नाही. मधल्या वाटेनं, सगळ्यांच्या देखत, आपल्या जाड पायांनी सावकाश चालत तो दुसऱ्या रांगेपर्यंत आला. त्याचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचं त्याच्या ध्यानातही नव्हतं.

"सरका जरा, कप्तान," तो म्हणाला. कप्तान सरकला, रांगेतले सगळे एकेक खुर्ची सरकले, आणि दादा त्यांच्यात बसला.

"लाव गं चिमणे," तो मंचाकडे बघून म्हणाला. "बघू दे आता."